मधले सतरा किलोमीटर

४ ऑक्टोबर

खोली मिळाली.

दादाचा फोन आला तेव्हा मी आईच्या पायाची नखं कापत होते. "अठरा तारखेपासून मिळतेय. आता नाही म्हटलं तर पुन्हा वर्षभर नंबर लागायचा नाही, छोटी." मी "बघते" म्हणाले. बघायचं काय राहिलंय? त्या ज्येष्ठांच्या निवासात नाव तर आम्ही दोघांनीच घातलं, एप्रिलमध्ये. आईला न विचारता.

त्यानं फोटो पाठवलेत. पलंग, कपाट, समुद्राकडची खिडकी, भिंतीला धरून चालायला लाकडी कठडा. चांगली आहे खोली. वाईट असती तर बरं झालं असतं.

आईनं विचारलं, "कोण होतं?"

"दादा."

"जेवला का?"

हे मात्र ती कधी विसरत नाही.

६ ऑक्टोबर

निवासाचा फॉर्म आला. आठ पानी. औषधं कोणती, ऐकू नीट येतं का, पडण्याचा इतिहास, काय खाल्लेलं सोसत नाही. मी भराभर लिहीत गेले. दोन ठिकाणी पेन अडलं.

एक – "स्वतः करता येणारी कामं." काय लिहू? गॅस मीच लावते आता. दोनदा तो पेटता ठेवून ती दार लोटून बाहेर गेली होती. ब्लाउज उलटा घालते. मागच्या गल्लीत हरवते – ज्या गल्लीतून चाळीस वर्षं ये-जा केली! रिकामं सोडलं.

दुसरी जागा शेवटच्या पानावर. "इथे राहायला येणाऱ्या व्यक्तीला याची कल्पना दिली आहे का? होय / नाही. कोणी दिली? केव्हा?"

फॉर्म मिटून ठेवला.

८ ऑक्टोबर

दादा म्हणतो, "तिला ती कालव्याची वाट करायची होती ना? ने की तिला. वाट संपते ती निवासाच्याच गावात. सहा दिवस मजेत जातील, आणि मग–"

"मग काय? फिरायला म्हणून न्यायचं आणि सोडून यायचं?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

त्याचं घर विमानानं नऊ तास लांब. गप्प बसणं त्याला जमतं.

पण ती वाट! आमच्या सायकलच्या दुकानात तिचा नकाशा तीस वर्षं भिंतीवर होता. पूर्वी कालव्यातल्या नावा काठावरून घोडे ओढत न्यायचे, त्या घोड्यांची वाट. आता फक्त सायकली. दोनशे बारा किलोमीटर, चढ नावाला नाही, शेवटी समुद्र. बाबा गेल्यावर आईनं दुकान एकटीनं चालवलं. नवीन गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कुठायत?" आई पाना न खाली ठेवता म्हणायची, "मग ही कोण बसलीय?"

दर हंगामात कोणी ना कोणी त्या वाटेला निघायचं आणि आधी आईकडं यायचं. ब्रेक बघा, चाकाची आऊट काढून द्या. (डुलणारं चाक एकेक आरा आवळून सरळ करायचं, ती आऊट काढणं. आई त्यात इतकी तरबेज की डोळे मिटून, आऱ्यावर नख वाजवून सांगायची कोणता ढिला आहे.) ते परत आले की ती त्यांना सोडायची नाही. पाणी अडवायचे दरवाजे अजून हातानं फिरवतात का? बोगद्यात दिवा लागतो का? मग नकाशापुढं उभी राहून म्हणायची, "सगळ्यांना धाडलं. राहिले मीच."

मी दादाला हो म्हटलंय. पण एक ठरवलंय, आणि इथं लिहून ठेवते म्हणजे पळवाट नको – वाटेला चाक लागायच्या आत तिला सांगायचं. नको म्हणाली तर तिथूनच मागं फिरायचं. बाकी कशात फसवलं असेल तिला, त्या वाटेवर फसवून न्यायचं नाही.

९ ऑक्टोबर

नाही सांगितलं. सकाळी ती अगदी छान होती. छान असताना नको वाटलं. दुपारी नीट नव्हती. नीट नसताना सांगून उपयोग काय?

१० ऑक्टोबर

आज जोडसायकल खोलली. दोन सीट, दोन हँडल, चार पायडल. आईनंच बनवलेली, मी नववीत असताना, दोन मोडक्या सायकलींतून. आणि मधोमध चार बोल्टनी जोडलेली – सोडले की सायकलीचे दोन तुकडे, गाडीत मावतात.

सकाळभर ती मला "बाई" म्हणत होती. मी कोण हे कळत नसलं की आदरानं वागते. पण पाना हातात दिला आणि मान वर न करता म्हणाली, "छोटे, तेराचा दे. हा बाराचा आहे." नुसत्या वजनावरून ओळखलं.

चारही बोल्ट निघाले. तिनं ते माझ्या तळहातावर ठेवले आणि बघत राहिली. दुकानातला नियम मला विचारावा लागला नाही. सोडलेला बोल्ट जो चालवणार त्याच्या बुटात. खिशात नाही, डबीत नाही. डबी राहून जाते. बूट राहत नाही, आणि घालताना टोचतं.

मी गाडी चालवणार म्हणजे माझे बूट पायात. आई गाडीत चपला घालणार, म्हणून बोल्ट तिच्या बुटात घातले. दोन डाव्यात, दोन उजव्यात.

दुसरा नियम तिनं आपणहून सांगितला, लहानपणी सांगायची तसाच. जोडसायकलीवर पुढच्यानं बोलत राहायचं. खड्डा आला, खड्डा. वळण आलं, वळण. थांबायचंय तर थांबायच्या आधी. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, रस्ता नाही.

"कळलं?"

"कळलं."

"तू न सांगता ब्रेक मारतेस. पहिल्यापासून."

११ ऑक्टोबर

दिवसभर भाड्याची गाडी. साडेचारशे किलोमीटर. आईच्या पायांना सूज आली. पहिल्या थांब्यावरच मी तिच्या बाजूचं दार उघडून खाली बसले, पायाशी ठेवलेले बूट बाजूला केले, चपलांचे पट्टे सैल केले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. टेकायला म्हणून ठेवला असेल.

नकाशाचं फोल्डर तिच्या मांडीवर. दुकानातलाच नकाशा, घडीवर चिकटपट्ट्या लावलेला. पेट्रोल भरायला उतरले आणि नळी हातात असताना एकदम आठवलं – फॉर्म त्याच फोल्डरमध्ये आहे! नकाशाच्या मागं. मीच ठेवला, चुरगळू नये म्हणून. पैसे देऊन जवळजवळ पळत आले. आई खिडकीबाहेर बघत होती. फोल्डरचं बटण लावलेलं.

काही बोलली नाही. म्हणजे वाचलं नसणार. वाचलं असतं तर बोलली असती. की वाचलं आणि विसरली? असं वाटून क्षणभर सुटल्यासारखं झालं. लाज वाटते लिहायला.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "तिथं सायकल ठेवायला जागा असेल का?"

"असेल की," म्हटलं. आज उतरलो त्या लॉजमध्ये सायकल गाडीतच ठेवायची होती. तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

उद्याचा हिशेब असा. गाडी बारापर्यंत परत द्यायची. ती जागा विमानतळामागं, कारखान्यांच्या वस्तीत. तिथून वाटेचं तोंड सतरा किलोमीटर. खरं म्हणजे आधी वाटेवर जाऊन सायकल उतरवावी, मग एकानं गाडी देऊन यावं – शहाणी माणसं तसंच करतात. पण ती दोन माणसं असतात, एकाला मागं सोडता येतं. आईला तासभरही एकटं सोडता येत नाही. म्हणून हे मधले सतरा किलोमीटर. कुठल्याच नकाशात नाहीत. आमच्या नकाशाच्या तर कडेबाहेर.

वाटेच्या तोंडाशी दरवाजे फिरवणाऱ्यांचं जुनं घर आहे, तिथं मुक्काम. चावी देणारी बाई पाचला निघून जाते. "पाच म्हणजे पाच हं," फोनवर म्हणाली.

१२ ऑक्टोबर, दुपारी एक

गाडी दिल्याच्या जागेबाहेर, पायरीवर बसून.

बाराला दहा कमी असताना पोचलो. काउंटरवरच्या बाईनं गाडीभोवती फेरी मारली, सही घेतली. सायकलीचे दोन तुकडे, बॅगा, पंप उतरवून कडेला ठेवले. एकजण आला, गाडीत बसला, घेऊन गेला. मी म्हटलं, चला, सगळं वेळेत. आई म्हणाली, "दे बोल्ट."

बोल्ट!

सगळ्या बॅगा जमिनीवर उलट्या केल्या. आणि मग मी तिच्यावर ओरडले. "तुझ्याकडं दिले होते ना? कुठं ठेवलेस? आठव ना जरा!" आठव म्हणाले तिला. काउंटरवरची बाई कागद चाळायला लागली.

आईनं एकेक खिसा उलटा केला. रुमाल. कंगवा. लॉजमधली साबणाची वडी. "माझ्याकडंच असतील गं. हल्ली सगळं माझ्याकडूनच होतं." पुन्हा पहिल्यापासून खिसे. मग थांबली. चपलांकडं बघत राहिली.

"छोटे, माझे बूट कुठायत?"

सीटखाली. काल मीच बाजूला केले. मीच सरकवले आत, पायात येऊ नयेत म्हणून. मला नियम पाठ होता, आणि बूट विसरले मी.

बाई फोन लावतेय. गाड्या धुण्याची शेड दीड किलोमीटर मागं आहे. पाण्याच्या मशीनच्या आवाजात तिथं फोन ऐकू जात नाही म्हणे. गाडी तीन वाजता दुसऱ्या गिऱ्हाईकाला द्यायचीय.

आई शेजारी बसलीय. मला थोपटतेय. मी विसरले म्हणून!

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

अजून उजेड आहे. क्रमानं लिहिते, नाहीतर सुटेल.

पावणेदोनला गाड्या धुणारे काका स्वतः आले, रबरी गमबूट घालून, आईचे बूट दोरीनं धरून. उजळलेला चेहरा. "मावशी, तुमचे का? आत खडे होते, झटकून आणलेत."

आई म्हणाली, "खडे नव्हते हो ते. माझी सायकल होती."

त्यांच्याच हातगाडीवर सायकलीचे दोन तुकडे टाकून तिघं शेडमध्ये गेलो. ते बिचारे गमबुटांसकट गुडघ्यावर बसले. ओल्या फरशीवरून तीन बोल्ट मिळाले. चौथा जाळीतून गटारात. टॉर्च मारला तर खाली नुसता फेस.

घड्याळात सव्वादोन. मी मनात सुरू केलं – टॅक्सी करू, पण सायकल बसायची नाही. दुसरी गाडी घेऊ, घरी जाऊ. आणि खरं लिहायचं तर बरं वाटलं. घरी गेलो तर सांगावं लागणार नाही. एक बोल्ट गटारात पडला आणि मी वाचले.

आई तोवर सायकलीच्या मागच्या तुकड्यापाशी बसली होती. कॅरिअर हातानं चाचपत होती. "इथं एक जास्तीचा बोल्ट आहे, याच मापाचा. मीच लावून ठेवलाय. काही हरवणार हे ठरलेलंच असतं." काकांकडं न बघता हात पुढं केला, "तेराचा पाना."

त्यांनी दिला. तिनं सायकल जोडायला घेतली तसे ते मदतीला वाकले, एक बोल्ट आवळायला लागले.

"असा धरतात पाना? पाहुण्यासारखा?"

"नाही मावशी."

"टोकाला धरा. जोर दंडातून येऊ दे. हं. आता सोडा, मी करते."

पाच मिनिटांत सायकल एक झाली. आईनं मधला सांधा दोन्ही हातांनी पिळून पाहिला, मागचं चाक उचलून फिरवलं, नख वाजवलं. काका मला हळूच म्हणाले, "कुठं कामाला आहेत या?" कोणी असं विचारून किती वर्षं झाली! मी म्हटलं, "स्वतःचं दुकान होतं."

निघालो तेव्हा पावणेतीन. महामार्गावर सायकलींना बंदी, म्हणून गोदामांच्या मागून. रस्त्याला कड नाहीच. ट्रक पाठीमागून येतो तो आधी हँडलमध्ये कळतो, मग कानात. एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं सायकल आधी बाहेर ढकलली, मग आत ओढली. मी ओरडत होते – "ट्रक! खडी! उजवीकडं वळण!" मागून पायडल एकदाही चुकलं नाही. आईची ताकद बेताची, पण लय घड्याळासारखी. सिमेंटच्या कारखान्यापाशी दोघी पांढऱ्या झालो. एका वळणावर रस्ता संपून फाटक लागलं, कुलूपबंद. दोन किलोमीटर मागं.

मग रेल्वेवरचा पूल. नुसत्या पादचाऱ्यांचा, लोखंडी जिना, मधे काटकोनात वळण. सायकल वळेना. पुढं कठडा, मागं कठडा, मधे आम्ही. साडेतीन वाजून गेले होते. मला रडू यायला लागलं.

"बूट काढ," आई म्हणाली.

"काय?"

"तुझा. काढ."

तिनं जिन्यातच चार बोल्ट सोडले आणि माझ्या उजव्या बुटात टाकले. "आता विसरून दाखव." मी एका पायात मोजा, गळ्यात लेसनं बांधलेला बूट, आधी पुढचा तुकडा वर नेला, मग मागचा. आई कठडा धरून एकेक पायरी. वर मधोमध थांबलो. खाली रूळ, चारही दिशांना गोदामांची छपरं. ती तिकडं बघत म्हणाली, "दुकान कोणी उघडलं आज?"

मी सवयीनं म्हटलं, "आज सुट्टी आहे, आई."

तिनं बोटांवरची सिमेंटची पूड झटकली. मग, "दुकान विकलं ना आपण?"

"हो. सहा वर्षं झाली."

"मग तसं सांग की. मी काय रडत बसणार आहे?"

तिचा आवाज चिडका नव्हता. मी तिच्याकडं बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती – पूर्ण, जागी, माझी आई. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. "आई," मी म्हटलं. आणि खालून मालगाडी आली. पूल हलायला लागला. गाडी लांबलचक होती. मी डबे मोजत राहिले. अडतीस. गाडी गेली, आणि मी वाकून पुढचा तुकडा उचलला. मालगाडीला दोष देता येईल. पण ती गेल्यावर मी गप्प होते, तेव्हा तिथं दुसरा कसलाच आवाज नव्हता.

खाली उतरून पुन्हा जोडली. चार वाजून पाच. उरले नऊ किलोमीटर. आता आई दमली होती. मागून जोर येणं थांबलं, पाय नुसते फिरत होते. मी दोघींचं ओढत होते. मध्येच विचारलं, "ठीक आहेस ना?" "पुढं बघ," ती म्हणाली. एक चौक, तिथं आम्हाला बघून गाड्या थांबल्या, कोणीतरी काचेतून हात हलवला. मग भिंती ठेंगण्या झाल्या. मग कुंपणं. मग डावीकडं पाणी दिसलं – सरळ, तपकिरी, कुठंच जायची घाई नसलेलं.

पाचला दहा कमी. दगडी खांब, त्यावर शून्य. खांबाच्या अलीकडं डांबर, पलीकडं बारीक वाळूची वाट.

मी थांबले. आईचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं.

"सांगायचं असतं," ती म्हणाली.

पुढचं चाक आणि वाळू यांच्यात वीतभर अंतर होतं. मी बघत होते त्या वीतभर डांबराकडं. त्यात एक चॉकलेटचा कागद चिकटलेला होता.

"आई, मला तुला सांगायचंय."

"सांग."

ती थांबली. घाई केली नाही. पाठीवरून तिचा श्वास कळत होता. माझं तोंड उघडं होतं.

"चेनचा आवाज येतोय मघापासून," मी म्हटलं.

तिनं कपाळ माझ्या पाठीवरून काढलं. मग म्हणाली, "तेल हवंय तिला. पोचल्यावर घालते." आणि तिनंच पायडल दाबलं.

चाक लागलं वाटेला. मागून कळलं, ती वाळूचा आवाज ऐकत होती. "असा येतो होय," म्हणाली. खांबापाशी उतरून तिनं शून्यावर बोट फिरवलं. एवढ्या आनंदात तिला मी कधी पाहिलं होतं ते आठवेना. आणि मला बघवेना.

चावीची बाई दारात कुलूप हातात घेऊनच उभी होती. आम्हा दोघींना नखशिखान्त बघून म्हणाली, "पिठाच्या गिरणीतून आलात की काय?" आई म्हणाली, "नाही, दुकानातून."

दादाचा फोन आला. "सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाली."

"बघ, मी म्हणत नव्हतो? उगाच घाबरत होतीस."

आता दोघांना फसवलंय.

आईनं आधी चेनला तेल घातलं, मग हात धुतले, मग म्हणाली, "पेन दे जरा. नकाशावर खूण करते." नकाशा फोल्डरमधून काढून दिला, फोल्डर बॅगेत तळाशी ठेवलं, अंघोळीला गेले. बऱ्याच वेळानं आले – डोक्यातून सिमेंट निघेना. ती खिडकीपाशी बसली होती, पेनाला टोपण लावलेलं. नकाशावर शून्यापाशी बारीक फुली.

"एवढीच?"

"पोचलो तेवढंच ना?" म्हणाली. मग, "छोटे, तू आज ओरडलीस माझ्यावर."

तिला आठवतंय!

"हो. चुकलंच माझं."

"दमतेस तू," ती म्हणाली.

उद्या सांगेन. उद्या अठ्ठावीस किलोमीटर आहेत.

१३ ऑक्टोबर

सकाळी उजव्या बुटात पाय घातला. टोचलं. बोल्ट राहिला वाटलं.

फॉर्म होता. लहान घडी, अगदी पुढं चवड्यापाशी सरकवलेला. "स्वतः करता येणारी कामं" इथं तिचं अक्षर – "पंक्चर. आऊट काढणे. बोल्ट हरवत नाही." खाली समासात, "सायकल ठेवायला जागा विचारणे." शेवटच्या पानावर "होय" भोवती गोल. कोणी कल्पना दिली – "मुलीने." केव्हा – "सायकलवर." सही. अक्षरं एकमेकांपासून लांब, पण सगळी एका ओळीत.

मी तिला काहीही सांगितलेलं नाही.

ती बाहेर चाकात हवा भरतेय, पंपाचा आवाज येतोय. कागद होता तसा घडी करून बुटातच ठेवला. वर पाय घातला. लेस बांधली. टोचतोय.